मांजर माजावर आली की गोळी शोधू नका

रक्तदाब तपासून झाला, गोळ्या लिहून झाल्या, आणि उठता उठता पेशंट पुन्हा खुर्चीत टेकतो. "डॉक्टर, आमची मांजर चार रात्री कुणाला झोपू देत नाहीये. तिला देण्यासारखी एखादी गोळी आहे का?" हा प्रश्न मला आता नवा राहिलेला नाही. फ्लॅटमध्ये मांजर पाळणारी घरं वाढली आहेत. जनावरांचा डॉक्टर जवळ नसतो आणि फॅमिली डॉक्टर मात्र कोपऱ्यावर असतो, म्हणून लोक मला विचारतात.

मी माणसांचा डॉक्टर आहे, पशुवैद्य नाही. तुमच्या मांजरीला कोणतं औषध किती द्यायचं, हे ठरवणं माझं काम नाही. पण माणसांची औषधं मांजरीला का देऊ नयेत, हे मी नक्की सांगू शकतो, कारण ती औषधं मी रोज लिहितो. या विषयावर माझं एक ठाम मतही आहे. ते आधीच सांगून टाकतो: ज्या घरात पिल्लं वाढवायची तयारी नाही, त्या घरानं मांजरीचं नसबंदीचं ऑपरेशन वेळेत करून घ्यावं, शक्यतो ती पहिल्यांदा माजावर येण्याआधी. असं का, ते आता पाहू.

हे दुखणं नाही

पहिल्यांदा मांजर पाळणाऱ्यांना ही अवस्था ओळखूच येत नाही. कालपर्यंत सोफ्यावर लोळणारं पिल्लू अचानक घशातून लांबलचक, रडल्यासारखा आवाज काढू लागतं. जमिनीवर गडाबडा लोळतं, दाराच्या चौकटीला, टेबलाच्या पायाला, तुमच्या पोटऱ्यांना अंग घासतं. पाठीवर हात फिरवला की पुढचा भाग खाली, मागचा भाग वर, शेपूट एका बाजूला, आणि मागचे पाय जागच्या जागी तुडवल्यासारखे हलतात. जेवण कमी होतं. काही मांजरी भिंतीवर, पडद्यावर लघवीची चिळकांडी मारतात. दार उघडलं रे उघडलं की बाहेर पळायला बघतात.

हे पाहून घरचे घाबरतात. "कंबरेत काहीतरी झालंय", "पोट दुखतंय", "मागचे पाय गेले" असं वाटतं. पण मांजर चार ते नऊ महिन्यांची किंवा त्याहून मोठी असेल, ऑपरेशन झालेलं नसेल आणि वरची लक्षणं असतील, तर बहुतेक वेळा ती माजावर आलेली असते. हा आजार नाही. ती अस्वस्थ असते, पण तिला काही दुखत नसतं, म्हणून दुखण्यावरच्या गोळीचा इथे काही उपयोगही नसतो.

एक फरक लक्षात ठेवा. कुत्री माजावर आली की रक्तस्राव दिसतो, मांजरीत तो दिसत नाही. मांजरीच्या योनीमार्गातून रक्त, पू किंवा घाण वास येणारा स्राव दिसला तर तो माज समजू नका, त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या.

तिच्या शरीरात काय चालू असतं

बाईच्या शरीरात साधारण महिन्याला एक बीज आपोआप सुटतं आणि गर्भ राहिला नाही की पाळी येते. मांजरीचं गणित वेगळं आहे. तिच्या बीजकोशात बीजं तयार होतात, इस्ट्रोजेन वाढतं, ती माजावर येते, पण बीज सुटण्यासाठी सहसा बोक्याशी समागम व्हावा लागतो. त्या क्रियेतून मेंदूला संदेश जातो, एलएच नावाचं हॉर्मोन एकदम वाढतं आणि साधारण एक-दोन दिवसांत बीजं सुटतात. अनेकदा एका समागमानं भागत नाही, म्हणून ती पुन:पुन्हा बोक्याकडे जाते. एकाच वेताची पिल्लं दोन वेगवेगळ्या बोक्यांची असू शकतात, ती यामुळेच. एक पिल्लू काळं, एक पिवळं, एक पट्टेरी असं दिसलं तर त्यात आश्चर्य नाही.

आता घरात कोंडलेल्या मांजरीचा विचार करा. बोका भेटला नाही तर बहुधा बीज सुटत नाही. सुमारे आठवडाभर माज टिकतो, ओसरतो, एक ते तीन आठवडे शांतता असते आणि सगळं पुन्हा सुरू होतं. "एकदाचं संपलं" म्हणून सुटकेचा श्वास टाकलेल्या घराला पंधरा दिवसांनी पुन्हा तोच आवाज ऐकू येतो.

हे किती महिने चालणार, ते उजेडावर अवलंबून असतं. दिवस मोठा झाला की मांजरीचा मेंदू प्रजननाची यंत्रणा चालू करतो, लहान झाला की बंद करतो. लंडनमध्ये हिवाळ्यातला दिवस आठ तासांपेक्षाही लहान असतो, त्यामुळे तिथल्या मांजरींना निदान काही महिने विश्रांती मिळते. मुंबईत वर्षातला सर्वांत लहान दिवसही सुमारे अकरा तासांचा आणि सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा. त्यात आपल्या घरातला दिवा रात्री अकरा-बारापर्यंत चालू. फ्लॅटमधल्या मांजरीच्या मेंदूला हिवाळा आल्याचं कळतच नाही आणि ती वर्षभर केव्हाही माजावर येऊ शकते. "ऋतू संपला की थांबेल" हा दिलासा आपल्याकडे फारसा खरा नाही.

आपल्या औषधाच्या डब्यातलं काहीही नको

या लेखातला हा भाग घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

पॅरासिटामॉल. मांजर कण्हतेय असं वाटून कुणीतरी क्रोसिनची अर्धी गोळी दुधात विरघळवून देतं. माणसाचं यकृत या औषधाला ग्लुक्युरोनिक आम्ल जोडून ते शरीराबाहेर टाकतं. मांजरीच्या यकृतात हे काम करणारी यंत्रणा अतिशय तोकडी आहे. मग औषधाचे विषारी घटक साचतात, रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची क्षमता जाते, हिरड्या तपकिरी-निळसर होतात, चेहरा आणि पंजे सुजतात, श्वास लागतो. तीन-चार किलोच्या मांजरीचा जीव घ्यायला ५०० मिलिग्रॅमची एक गोळी पुरते आणि त्याहून कमी मात्राही धोक्याची असते. गोळी पोटात गेली असेल तर लक्षणांची वाट पाहू नका. याला उतारा आहे, पण तो लवकर द्यावा लागतो.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक. यांनी मांजरीची मूत्रपिंडं बिघडतात, पोटात व्रण होतात. कॉम्बिफ्लाममध्ये तर आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही असतात.

झोपेच्या गोळ्या. डायझेपाम तोंडावाटे दिल्यावर काही मांजरींचं यकृत अचानक निकामी झालं, हे पशुवैद्यकात नोंदलेलं आहे. आजोबांची झोपेची गोळी "चिमूटभर" देणं हा उपाय नाही.

पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. गणपती, लग्न, तीर्थयात्रा आली की या गोळ्यांना मागणी असते आणि त्यातल्या उरलेल्या दोन-चार कपाटात पडून असतात. "हीच मांजरीला दिली तर?" हा प्रश्न मला विचारला गेला आहे. तर्क चुकीचा नाही. प्रोजेस्टेरॉनसारखं औषध दिलं की माज दबतो. पण त्याची किंमत मांजर मोजते. या गटातल्या औषधांनी गर्भाशयात पू होणं, स्तनांच्या गाठी आणि मधुमेह यांचा धोका वाढतो. माणसांत देतात तशी हॉर्मोनची इंजेक्शनंही काही ठिकाणी मांजरींना सर्रास टोचली जातात. एखाद्या अडचणीत पशुवैद्यानं जोखीम तोलून असं औषध द्यायचं ठरवलं तर ती वेगळी गोष्ट. मेडिकलच्या दुकानातून स्वतः आणून देणं हा विषाचा प्रयोग आहे.

घरगुती उपायांतही सांभाळा. कापूर, निलगिरीचं तेल मांजरीला विषारी ठरतं. कापसाची काडी वापरून "बीज सोडवण्याची" युक्ती इंटरनेटवर सापडते. ती घरी करू नका. जखम होते, जंतुसंसर्ग होतो आणि घाबरलेली मांजर तुम्हालाही चावते.

मग आज रात्री काय करायचं?

दारं-खिडक्या हे पहिलं काम. माजावर आलेली मांजर बाल्कनीच्या कठड्यावरून, सरकत्या खिडकीच्या फटीतून उडी मारते. "मांजर नेहमी पायांवर पडते, तिला काही होत नाही" यावर विसंबू नका. वरच्या मजल्यावरून पडलेल्या मांजरींच्या छातीला मार लागतो, जबडा आणि पाय मोडतात. जाळी घट्ट बसवा. घरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला, कामाला येणाऱ्या मावशींनाही सांगून ठेवा.

संध्याकाळी तिच्याशी भरपूर खेळा, दमवा. रात्री एका खोलीत मऊ अंथरूण, पाणी, स्वच्छ मातीचा ट्रे ठेवा आणि दिवा बंद करा. काहींना ऊबदार टॉवेलवर बसायला बरं वाटतं, काहींना कुरवाळलेलं आवडतं, तर काही त्यानं आणखी चेकाळतात. आपल्या मांजरीला काय मानवतं ते बघा. खिडकीतून बोका दिसत असेल तर पडदा ओढा. चिळकांडी मारलेली जागा चांगली धुवा, वास राहिला तर ती पुन्हा तिथेच मारेल.

ओरडू नका, मारू नका, अंगावर पाणी फेकू नका. हा हट्ट नाही, हॉर्मोन आहे. शिक्षेनं हॉर्मोन कमी होत नाही, फक्त मांजर तुम्हाला घाबरू लागते.

ती दिवसभर काहीच खात नसेल, सारखी पाणी पीत असेल, पोट फुगलं असेल, उलट्या होत असतील किंवा लघवीला जोर करूनही होत नसेल, तर तो माज नाही असं धरून चला आणि पशुवैद्याला दाखवा. विशेषतः माज होऊन गेल्यावर काही आठवड्यांनी ती मलूल झाली, तर गर्भाशयात पू झाल्याची शक्यता असते. त्यात दिवस घालवले तर जीव जातो.

ऑपरेशन: लोक काय म्हणतात आणि मी काय म्हणतो

वर सांगितलेलं सगळं एक रात्र निभावण्यापुरतं आहे. कायमचा उपाय एकच, बीजकोश काढण्याचं ऑपरेशन, बहुधा गर्भाशयासकट. ते चार ते सहा महिन्यांच्या वयात करता येतं. नेमकी वेळ तुमच्या पशुवैद्यानं वजन आणि तब्येत पाहून ठरवावी. ऐन माजात रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, म्हणून बरेच जण माज ओसरेपर्यंत थांबायला सांगतात.

आता आक्षेप.

"एकदा तरी आई होऊ द्या, मग करू." ही भावना मी समजू शकतो, पण ती माणसाची आहे. एकदा व्याल्यानं मांजरीची तब्येत सुधारते याला वैद्यकीय आधार नाही. उलट उशीर केल्यानं नुकसान होतं. मांजरीच्या स्तनांतल्या गाठींपैकी बहुसंख्य, सुमारे ८५ ते ९० टक्के, कर्करोगाच्या निघतात. सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन झालेल्या मांजरींत हा धोका सुमारे ९१ टक्क्यांनी, वर्षाच्या आत झालेल्यांत सुमारे ८६ टक्क्यांनी कमी आढळला आहे. दोन वर्षांनंतर केलं तर या बाबतीत फायदा जवळजवळ उरत नाही. माझ्या पेशंटना एखादा कर्करोग एवढ्या प्रमाणात टाळणारा उपाय मला देता आला असता तर मी तो दारोदार जाऊन सांगितला असता.

"हे निसर्गाच्या विरुद्ध आहे." तिसऱ्या मजल्यावर, जाळीमागे, ट्यूबलाइटच्या उजेडात, पाकिटातलं खाणं खाऊन जगणं तरी कुठे निसर्गात बसतं? तिला घरात आणलं तेव्हाच आपण निसर्गाच्या कामात हात घातला आहे. उरलेली जबाबदारीही आता आपलीच आहे. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, तेव्हा त्यांनाही "निसर्गाच्या विरुद्ध" हा आक्षेप ऐकावा लागला. बाई आणि मांजर यांची तुलना मी करत नाही. बाई स्वतःचा निर्णय स्वतः घेऊ शकते, मांजर घेऊ शकत नाही, म्हणून तिच्या वतीनं विचार करण्याचं ओझं आपल्यावर जास्त आहे.

"पिल्लं झाली तर देऊ कुणाला तरी." कुणाला? मांजरीचा गर्भकाळ सुमारे नऊ आठवड्यांचा. एका वेताला तीन-चार पिल्लं सहज होतात आणि ती अंगावर पीत असतानाच आई पुन्हा माजावर येऊ शकते. वर्षात दोन वेतं धरली तरी सात-आठ पिल्लं झाली. पहिली दोन हौसेनं कुणी नेतं. उरलेली कुठे जातात, ते मासळी बाजाराच्या मागे आणि देवळाच्या पायऱ्यांवर दिसतं. मांजर मारली तर सोन्याची मांजर करून काशीला दान द्यावी लागते, असं मानणारा आपला समाज. पण पिल्लं पिशवीत घालून बाजारात सोडून आलं की मारल्याचं पाप लागत नाही, अशी आपण सोयीस्कर समजूत करून घेतली आहे. दूध न सुटलेलं पिल्लू आईविना सहसा जगत नाही. उपाशी-तहानेनं हाल होतील अशा स्थितीत प्राणी सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाही आहे.

"मग तिला बाहेर सोडू, ती तिचं बघेल." बाहेर बोक्यांच्या मारामाऱ्या आहेत, गाड्या आहेत, कुत्री आहेत. चाव्यातून पसरणारे, प्रतिकारशक्ती पोखरणारे विषाणू आहेत. ती परत आली तर बहुधा गाभण येते.

"ऑपरेशनचा धोका नाही का?" आहे. भूल दिली जाते तिथे धोका शून्य नसतो. पण तरुण, निरोगी मांजरीत तो लहान असतो आणि गर्भाशयात पू झालेल्या आजारी मांजरीचं तेच ऑपरेशन रात्री तातडीनं करण्यापेक्षा कितीतरी लहान. ऑपरेशननंतर वजन वाढतं ही तक्रार खरी आहे. तिची अन्नाची गरज साधारण पाव हिश्शानं कमी होते, तेव्हा वाटीही तेवढी कमी करा. ऑपरेशननंतरही माजाची लक्षणं दिसली तर बीजकोशाचा तुकडा राहिला असू शकतो, डॉक्टरांना दाखवा.

"खर्च परवडत नाही." हा मला सर्वांत प्रामाणिक आक्षेप वाटतो. शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. मुंबईत परळला १८८६ पासून चालत आलेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. अनेक शहरांत प्राणिसेवी संस्था कमी खर्चात ऑपरेशन करून देतात. आणि एका वेताच्या पिल्लांचं खाणं, लसी, औषधपाणी यांचा हिशेब मांडून बघा. ऑपरेशन स्वस्त पडतं.

घरात बोका असेल तर हे सगळं त्यालाही लागू आहे. त्याचं ऑपरेशन तर आणखी छोटं असतं.

आता माझ्या खात्यातलं: घरातल्या माणसांसाठी

माजाच्या दिवसांत खिडकीत बोके जमतात, भांडणं होतात आणि ती सोडवायला गेलेला माणूस चावा घेऊन माझ्याकडे येतो. मांजरीचे दात सुईसारखे असतात. बाहेरून दोन ठिपके दिसतात, पण जंतू खोल जातात. हाताचा चावा एका दिवसात सुजून लाल होऊ शकतो. चावा किंवा ओरखडा बसला की लगेच साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. मग त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रेबीज मांजरीपासूनही होतो. रक्त आलं असेल तर लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं. "आमचीच मांजर आहे" म्हणून घरी बसू नका, विशेषतः ती बाहेर फिरून आली असेल तर.

घरात गर्भवती असेल तर टोक्सोप्लाझ्माची भीती घातली जाते आणि सासर-माहेर दोन्हीकडून मांजर हाकलण्याचा आग्रह होतो. तसं करण्याची गरज नाही. हा जंतू बाहेर टाकणारी मांजर सहसा आयुष्यात एकदाच, काही आठवडे तो टाकते आणि विष्ठेतला जंतू संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो. म्हणून ट्रे रोज साफ करा, ते काम गर्भवतीनं न करता दुसऱ्या कुणीतरी करावं. कच्चं-अर्धकच्चं मांस आणि न धुतलेली भाजी हाही संसर्गाचा मोठा मार्ग आहे, तिकडे तेवढंच लक्ष द्या. घराबाहेर न जाणारी, शिकार न करणारी मांजर या बाबतीतही सुरक्षित असते, आणि ऑपरेशन झालेली मांजर घरात राहायला सहज तयार होते.

तेव्हा तुमच्या घरात चार महिन्यांचं पिल्लू असेल, तर ते पहिल्यांदा ओरडायची वाट पाहू नका. या आठवड्यात पशुवैद्याला फोन करा, लसींची आणि ऑपरेशनची तारीख एकदमच ठरवा. आणि मांजर आजच ओरडत असेल, तर खिडकी लावा, तिच्याशी खेळा, औषधाचा डबा कपाटात बंद ठेवा. हा आठवडा निघून जाईल. पुढचा माज येण्याआधी तिला पशुवैद्याकडे नेणं मात्र तुमच्या हातात आहे.